खालची आच

रेजिनाने ट्रे ओट्यावर आपटला आणि एक नानकटाई उलटी करून माझ्या नाकासमोर धरली.

"बघा आई. वरून नवरी, खालून नुसतं पीठ."

वरचं तोंड छान बदामी झालेलं आणि पाठ इतकी ओली, की बोट लावलं तर बोटालाच चिकटली. सकाळपासून हेच चाललं होतं. आधीचा घाणा जास्त वेळ ठेवून पाहिला तर वरून कोळसा झाला आणि खालून पुन्हा पीठच. दत्तजयंतीचा दिवस. ऊन कलताना देवळात जन्माचं कीर्तन, आणि कीर्तन संपलं की सुंठवड्याबरोबर प्रत्येक पोराच्या हातावर एकेक नानकटाई ठेवायची, असं ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे काय, उत्सवाचे अध्यक्ष म्हणून आमच्या ह्यांनी आदल्या दिवशी माइकवरून जाहीरच केलं होतं, "यंदाचा प्रसाद आमच्या सूनबाईंच्या हातचा!" मंडपात टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला बसलेली रेजिना मान खाली घालून लाजली होती.

ही आमची रेजिना वसईची. ख्रिस्ती. भोरच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आली आणि आमच्या केदारला आवडली. लग्नाला दोन्हीकडून कुरकुर झाली. पण ह्यांनी स्वागतसमारंभात असं काही भाषण केलं, की गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता. "नानासाहेब म्हणजे खरा मोठ्या मनाचा माणूस." मलाही त्या दिवशी ह्यांचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू?

हा ओव्हन तिच्या वडिलांनी दिलेला. सायमनरावांची वसईला छोटी बेकरी. "मुलीला दुसरं काय देणार? भाजण्याची विद्या आणि भाजायचं यंत्र," असं म्हणाले होते. दर रविवारी सकाळी रेजिना त्यात पाव भाजायची. पहिला पाव ह्यांचा. मधोमध फोडून, लोणी लावून. "वा, काय पाव झालाय!" हे ठरलेलं वाक्य.

गणपतीनंतर कधीतरी त्या ओव्हनचं पोट थंड पडायला लागलं. पाव खालून दडस राहायचे. पेठेतला इलेक्ट्रिकवाला आला, डोकावून गेला, "विजेचा दाब कमी येतोय" म्हणाला. हे मात्र पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होते.

आताही बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "नाही ना होत? मी सांगितलं होतं. जुना माल गळ्यात मारलाय. सायमनराव माणूस चांगला, पण दुकानदार तो दुकानदारच."

रेजिनाचा चेहरा पडला. दुपारच्या एसटीनं तेच सायमनराव येणार होते. लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्या घरी, आणि तेही लेकीचा प्रसाद वाटला जाताना पाहायला.

"पप्पांनी खोक्याची पट्टी माझ्यासमोर फोडली होती आई," ती हळूच म्हणाली. "नवाकोरा होता."

"मला सांगू नकोस. मला माहीत आहे." माझा राग तिथूनच तापायला लागला होता, पण अजून कुणावर ते ठरलं नव्हतं. "केदार मंडपाच्या कामात अडकलाय. चल, आपणच बघू. माणसाला ताप आला तर तू बघतेस, याला येत नाही तर काय बघायचं?"

ती हसली. मग खरंच नर्ससारखी कामाला लागली. पिन दुसऱ्या सॉकेटमध्ये घालून पाहिली. दार घट्ट बसतंय का, ते कागदाचा कपटा दारात धरून, ओढून पाहिलं. मग जाळीवर ब्रेडचे काप मांडले आणि बटण फिरवून फक्त वरचा रॉड चालू केला. काप तांबूस झाले. मग नवे काप मांडून फक्त खालचा. आम्ही दोघी काचेतून टक लावून बसलो. वरचा रॉड कसा लालभडक व्हायचा! खालचा काळा तो काळाच. ब्रेड जसा ठेवला तसा.

"खालचा मेलाय," ती म्हणाली. पिन काढून, ओव्हन निवल्यावर तिनं तळाचा चुऱ्याचा ट्रे बाहेर ओढला. "अगोबाई, हे काय?"

ट्रेवर चुरा होताच, पण त्याखाली गंजाचे धब्बे होते आणि पिवळट, मिठासारखी खरखरीत पुटं. जणू कुणी पुन्हा पुन्हा काहीतरी शिंपडलंय, वाळलंय, पुन्हा शिंपडलंय. बॅटरी मारून तिनं आत पाहिलं. रॉड जिथं भिंतीत शिरतो तिथं गंज चढून तो फुगला होता आणि चक्क तडकला होता.

"पाणी पडलंय यात आई. रोज पडल्यासारखं." तिनं ट्रे नाकाशी नेला. कपाळाला आठी घातली. पुन्हा नेला. "आई, राग मानू नका हं. पण हा वास मला वॉर्डातला वाटतो."

"म्हणजे?"

"म्हणजे... कुणीतरी यात लघवी केलीय."

मी ट्रे हातात घेतला. मला दोनदा हुंगायची गरज पडली नाही. चुऱ्यात करपलेली दोनतीन पानं होती. तुळशीची.

"केलीय खरी," मी म्हणाले. "गाईनं."

तिला कळेना. मग कळलं. देवघराच्या कोनाड्यातली बाटली तिनं दोन वर्षं पाहिली होती. सोयर फिटलं, सुतक फिटलं, की मी त्यातलंच गोमूत्र तुळशीच्या पानानं घरभर शिंपडायची. तिनं हातातला फडका घडी घालून ओट्यावर ठेवला. मग पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली.

"माझ्यानंतर?" तिनं विचारलं. "म्हणजे मी हात लावला की?"

मी तरातरा देवघराकडे निघाले.

देवघरात द्वारकावन्सं वाती वळत बसल्या होत्या. ह्यांच्या थोरल्या बहीण. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून माहेरीच. सोवळं असं कडक, की स्वतःचा भात स्वतःच्या शेगडीवर, स्वतःच्या पातेलीत. रेजिना या घरात आली त्याच दिवशी त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "पोरी, तू गुणाची आहेस. पण मी तुझ्या हातचं खाणार नाही. माझं वय झालं, मला आता बदलता येत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस." मला तेव्हा त्यांचा संताप आला होता. तोच आता बाहेर पडला.

"वन्सं, काय केलंत हे? नाही खायचं तर नका ना खाऊ! त्या पोरीच्या यंत्रात गोमूत्र कशाला शिंपडता? तिच्या बापानं दिलेली वस्तू! लाज कशी वाटली नाही? काल देवळात बसून माना डोलावत होतात!"

बुवांचं आदल्या दिवसाचं कीर्तन माझ्या कानात घुमत होतं. आंबवडेकर बुवा पूर्वरंगात म्हणाले होते, "अहो, ज्याच्या पाठीशी गाय आणि पायाशी कुत्री, तो देव विटाळ कुणाचा मानील?" आणि झांज अशी वाजवली होती, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

वन्संनी वात पूर्ण वळली. तबकात ठेवली. मग वर पाहिलं.

"झालं बोलून?"

"नाही झालं!"

"मग उरलेलं नंतर बोल, आधी ऐक. मी त्या यंत्राला शिवते का?"

"नाही."

"त्यातलं खाते का?"

"नाही."

"मग मला ते शुद्ध करून काय करायचंय? रस्त्यावरच्या हॉटेलात जाऊन मी गोमूत्र शिंपडते का कधी?" त्यांनी कापसाचा पुढचा पेळू घेतला. "जे खायचं नाही, ते माणूस शुद्ध करत नाही कुमुद. ज्याला खायचंय तो करतो."

मी वळले. दारात रेजिना येऊन थांबली होती. तिनंही ऐकलं होतं.

घरात त्या ओव्हनमधलं खाणारे आम्ही चौघं. मी, केदार, रेजिना स्वतः. आणि पहिला पाव ज्यांचा, ते. पहाटे आंघोळ करून सगळ्यांच्या आधी देवपूजा करणारे. तुळस खुडणारे.

बाहेरच्या खोलीत हे आरशासमोर उभे होते. उपरण्याला इस्त्री झाली होती, ते खांद्यावर कसं दिसतं ते पाहत होते. मी तो गंजका ट्रे त्यांच्यासमोर धरला.

"हे तुम्ही केलंत?"

ट्रेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग आधी दार लोटून घेतलं. दार लोटलं तेव्हाच मला उत्तर मिळालं.

"हळू बोल," ते म्हणाले.

"केलंत?"

"अगं, चारदोन थेंब. पूजेनंतर. त्यानं एवढं बिघडेल असं मला काय ठाऊक? त्याच ओट्यावर देवाचा नैवेद्य होतो..."

"दोन वर्षं?"

"मी तिला कधी एक शब्द बोललो? ताईसारखं तोंडावर सांगितलं? तिचं मन दुखावू नये म्हणून तर कुणाला कळू दिलं नाही. मनातली अढी मनात ठेवली. याला सभ्यता म्हणतात कुमुद."

"आणि तिच्या बापाला चोर ठरवलंत, ती कोणती सभ्यता?"

"चोर कुठं म्हणालो? जुना माल म्हणालो. काहीतरी सांगायला नको का?"

आयुष्यभर कीर्तनं ऐकली. काम, क्रोध, लोभ, षड्रिपूंची यादी तोंडपाठ. पण त्या क्षणी तो ट्रे त्यांच्या इस्त्रीच्या उपरण्यावर उपडा करावा असं वाटलं, आणि मी केला नाही तो केवळ दत्तगुरूंनी हात धरला म्हणून.

"संध्याकाळ होऊन जाऊ दे," हे म्हणाले. "पाहुणे येतायत. घरातलं घरात राहू दे."

पाहुणे येणार हे खरंच होतं. लेकीच्या घरी पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या माणसासमोर तमाशा नको, म्हणून मी गिळलं. पुन्हा स्वयंपाकघरात आले. रेजिना खिडकीशी पाठमोरी उभी होती.

"आई, मी नाही करणार प्रसाद," ती म्हणाली. "सुंठवडा आहे ना? तेवढा पुरे."

"तू करणार. मी करणार. आपण दोघी करणार."

"कशात? खाली आचच नाही."

"खालची आच मी देते. माझ्या आईकडे कुठला ओव्हन? वाळूची कढई होती."

शेजारी बांधकाम चाललं होतं. तिथून बारीक वाळू आणली, चाळली, मोठ्या लोखंडी कढईत घालून गॅसवर तापवली. वर जाळी, जाळीवर ताटली, ताटलीत नानकटाया, वर जड झाकण. ती आधी नुसती बघत राहिली. मग नवं पीठ मळायला घेतलं. जिवाच्या करारानं मळत होती. दोघींनी घाण्यामागून घाणे काढले. तिच्या डोळ्यांतलं पाणी मध्येच मनगटानं पुसलं जायचं आणि मी पाहिलं न पाहिल्यासारखं करत होते.

"वाळूच्या नानकटाईला खालून जास्त रंग येतो बरं का," मी म्हणाले.

"येऊ दे," ती म्हणाली. "सगळ्यांना कळू दे खालची बाजू कशी असते."

शेवटची ताटली उतरवत होतो तेव्हा सायमनराव आले. पांढरा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या. हे दोन्ही हात पसरून पुढं झाले.

"या, या व्याहीबुवा! तुमचीच वाट पाहत होतो."

मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. सायमनराव सगळीकडे कौतुकानं पाहत होते. "प्रसादाची तयारी झाली का? ओव्हन नीट चालतोय ना?"

इथं हे गप्प बसले असते तरी चाललं असतं. "आहे ठीक" म्हणाले असते तरी चाललं असतं. पण खोटं एकदा जिभेवर बसलं की आपलं आपण बोलतं.

"काय सांगू सायमनराव, ओव्हननं ऐनवेळी दगा दिला. तुम्हालाही कुणीतरी जुनाच माल देऊन फसवलेलं दिसतंय. असो, असो. आम्ही काही मनात ठेवत नाही."

सायमनराव उठून उभे राहिले. त्या भल्या माणसाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी हात जोडले. माझ्या नवऱ्यासमोर हात जोडले.

"माफ करा नानासाहेब. माझ्या मुलीला शरमिंदं व्हावं लागलं. मी बदलून देतो."

ते जोडलेले हात मी पाहिले आणि माझ्यातली सगळी वाळू तापून लाल झाली. तांब्या खाली ठेवला. देवघरात गेले, कोनाड्यातली बाटली उचलली, तुळशीचं पान घेतलं. स्वयंपाकघरातून नानकटायांनी भरलेलं मोठं ताट आणलं. दोन्ही ह्यांच्या समोरच्या स्टुलावर ठेवलं.

"घ्या. शिंपडा."

"कुमुद!"

"देवळात न्यायच्यात. तिच्या हातच्या आहेत. शिंपडल्याशिवाय कशा न्याल? रोज पहाटे करता तसंच करा. आज उजेडात करा, एवढंच."

"पाहुण्यांसमोर काय हे..."

"पाहुण्यांसमोरच! त्यांनी हात कुणासमोर जोडले? ज्यानं त्यांची वस्तू गोमूत्रानं कुजवली, त्याच्यासमोर! आणि तुम्ही ते जोडू दिलेत!"

सायमनराव गोंधळून लेकीकडे पाहत होते. रेजिना त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या वसईच्या बोलीत हलक्या आवाजात दोनतीन वाक्यं बोलली. मला त्यातला शब्द न् शब्द कळला नाही, पण मी त्यांचे हात पाहत होते. ते सावकाश सुटले आणि खाली आले.

ह्यांनी बाटलीकडे पाहिलं नाही. घाईघाईनं ताटातली एक नानकटाई उचलली. "काय खुळ्यासारखं! हे बघा, हे बघा सायमनराव, मी खातो. मला काही वाटत असतं तर मी दर रविवारी..."

"नाना," रेजिना म्हणाली. तिचा आवाज शांत होता. दवाखान्यात ती असाच बोलत असेल. "तुम्ही दर रविवारी म्हणायचात, वा, काय पाव झालाय. ते माझ्या पावाला म्हणायचात, की तुमच्या शिंपडण्याला?"

नानकटाई ह्यांच्या ओठांजवळ थांबली.

देवघराच्या उंबऱ्यात वन्सं उभ्या होत्या. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर त्या कधी येत नसत. "खाली ठेव ती, श्रीपाद," त्या म्हणाल्या. "मी खात नाही, तर खात नाही. तू खात होतास तर मनानं खायचं होतंस. पोरीचं मीठही खायचं आणि तिचा विटाळही मानायचा, हे कुठल्या पोथीत आहे? ठेव खाली."

ह्यांनी ठेवली. तिचा एक कोपरा बोटांनी चुरला होता. रेजिनानं ती तेवढी बाजूला काढली आणि ताट उचललं.

देवळात हे आले नाहीत. बुवांना अध्यक्षांच्या हातून हार घालायचा असतो. "नानासाहेब कुठं?" बुवांनी विचारलं. मी म्हणाले, "घरी आहेत. तुम्ही सुरू करा." हार कुणी घालायचा म्हणून सगळे एकमेकांकडे पाहायला लागले, तेव्हा मी सायमनरावांना पुढं केलं. मंडपात कुजबुज झाली. बुवांनी मान वाकवून हार घालून घेतला, सायमनरावांच्या कपाळाला बुक्का लावला, आणि झांजेवर असा ठेका धरला की कुजबुज त्याच्याखाली बुडून गेली. सायमनराव पुढच्या रांगेत बसले. टाळी कुठं पडते ते त्यांना आधी कळेना. पूर्वरंग संपेपर्यंत कळलं.

प्रसाद वाटताना रेजिना वन्संसमोर आली. वन्संनी सुंठवड्यासाठी हात पुढं केला. सुंठवडा मी घरी सोवळ्यात केलेला होता.

"ते दुसरं नको हो बाळ. माझं माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे आत्या," ती म्हणाली, आणि दोघीही हसल्या. मला त्या हसण्याचा अर्थ समजायला पुढं कितीतरी वर्षं लागली. वन्सं शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळल्या, तेव्हा कूस बदलायला, अंग पुसायला त्यांनी फक्त रेजिनाला हात लावू दिला.

सायमनरावांनी वसईहून नवा रॉड पाठवला. केदारनं तो बसवला. ओव्हन अजून चालतो, खालून वरून सारखा तापतो. हे त्यानंतर बरीच वर्षं जगले. मी त्यांचं सगळं केलं. पथ्यपाणी, औषधं, पाय चेपणं, कशात कमी केलं नाही. फक्त त्या ओव्हनमधलं काही त्यांच्या ताटात कधी वाढलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. रविवारी सकाळी पाव फुगायला लागले, की ते वर्तमानपत्र उचलून बाहेर ओसरीवर जाऊन बसत.

वास तिथंही जायचा.